हिवरीची भाकरजोड

सगळ्या पांढऱ्या डोक्यांत ते एकच डोकं काळं होतं, म्हणून आपली नजर तिच्यावर गेली, असं बसवराज मास्तर पुढं आयुष्यभर सांगत आला. खरं मानायचं की नाही ते तुम्ही ठरवा. गुडघ्यापर्यंत आलेल्या वेणीला जो नुसतं काळं डोकं म्हणतो, तो एकतर आंधळा असतो नाहीतर लबाड. आणि मास्तरचे डोळे चांगले होते.

माघ महिना होता. साल तेराशे पन्नास फसली, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे एक्केचाळीस. निजाम सरकारची मर्दुमशुमारी चाललेली. मुलुखात पुरुष किती, बाया किती, लेकरं किती, म्हातारे किती, हे सरकारला हवं होतं आणि मोजायला शाळामास्तरांना जुंपलं होतं. बसवराज मूळचा लातूरचा, नोकरीनं उमरीच्या शाळेत, वय चोवीस. त्याच्या वाट्याला हिवरी आलं. उमरीपासून दोन कोसांवरचं, सत्तर उंबऱ्यांचं गाव. वाट करडईच्या रानातून. दवानं काटे मऊ आहेत तोवर पार व्हावं म्हणून तो झुंजूमुंजूच निघाला, तरी धोतर दोन ठिकाणी फाडून घेऊनच वेशीशी पोचला.

तिथं तो थबकला. गल्ली म्हाताऱ्यांनी भरली होती. कुणी काठी टेकत, कुणी भिंतीला हात लावत, कुणी अगदी ताठ. प्रत्येकाच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी, आणि त्यातून वाफ. या घरातला म्हातारा त्या घरात शिरत होता, त्या घरातली म्हातारी पलीकडच्या घरात. भाकरीचा वास सगळ्या गल्लीभर. आणि त्यांच्यामधून, त्यांच्याच चालीनं, हातात तसंच फडकं घेऊन… ती.

"अहो… गावात आज काही कार्य आहे का?" त्यानं विचारलं.

ती थांबली. "कार्य? न्हाई तर."

"मग ही मंडळी कुठं निघालीत?"

"न्याहारीला."

"यांना आपल्या घरी न्याहारी मिळत नाही?"

"मिळती की. म्हणून तर घेऊन चालल्यात."

बसवराजला काही कळलं नाही. ती हसली नाही, पण हसू ओठांच्या कोपऱ्यात दडवून ठेवलं, ते त्याला दिसलं. "आणि तुम्ही?" तो म्हणाला. "तुम्ही तर काही…"

"म्हातारी न्हाई, असंच ना? लौकर बोला मास्तर, भाकर निवून राहिली."

"मी मास्तर आहे हे कसं कळलं?"

"उगवतीला तोंड उघडं टाकून उभं ऱ्हायला दुसऱ्या कुणाला येळ असतो?" आणि ती गेलीसुद्धा. मर्दुमशुमारीची वही काखेत धरून मास्तर तिथंच उभा राहिला, आणि तोंड मिटायचं राहिलंच.

हिवरीची ती जुनी रीत होती. तिला भाकरजोड म्हणत. माणसाला साठ वर्षं झाली की गाव त्याला एक जोड नेमून द्यायचं. जोड घरातली नको, भावकीतली नको. रोज सकाळी चुलीवरची पहिली भाकर घ्यायची आणि जोडीकडे जायचं. एक दिवस यानं त्याच्या ओसरीवर, दुसऱ्या दिवशी त्यानं याच्या. बसून खायची, बोलायचं, भांडायचं, उठायचं. घरी सुना-नातवंडांनी किती का लाड करेनात, सकाळची ही भाकर चुकवायची नाही. दिवस कासराभर वर आला आणि जोड आली नाही तर दुसऱ्यानं काठी उचलून बघायला जायचं. त्यामुळं हिवरीत असा एकही म्हातारा नव्हता, ज्याची सकाळी कुणीतरी वाट बघत नसेल.

ग्यानोबा आणि हणमंत या जोडीची तर बसवराजला गंमतच वाटली. बांधावरून वीस वर्षं अबोला. पण भाकर चुकली नव्हती. आळीपाळीनं एकमेकांच्या ओसरीवर जायचे, पाठीला पाठ लावून बसायचे, खायचे, आणि तोंडातून अवाक्षर न काढता घरी जायचे. एकदा ग्यानोबाला ताप आला, तर हणमंतानं त्याच्या अंगणात उभं राहून त्याच्या बैलाला सांगितलं, "तुझ्या मालकाला म्हणावं, आधी मी मरनार हाय, त्यानं मधी घुसू नये." ग्यानोबाचं वय अठ्ठ्याऐंशी होतं, हणमंताचं पंच्याऐंशी.

चावडीत वही उघडून बसल्यावर हीच वयं बसवराजला पटेनात. कुणी ऐंशी सांगे, कुणी नव्वद. तेवढ्यात ती एका म्हातारीला घेऊन आली. म्हातारी हरभऱ्याच्या घाट्यासारखी वाळलेली, डोळे मात्र लखलखीत.

"ही तुळजामाय," ती म्हणाली. "हिला लिव्हा आधी. हिला थांबायला आवडत न्हाई."

"माय, वय किती?"

"मला काय ठावं? मोठ्या दुष्काळात मला चार लेकरं व्हती. थोरला शेळ्या राखीत व्हता. तू शिकल्याला हाईस ना, मांड हिशेब."

त्यानं मांडला. दुष्काळाला पासष्ट वर्षं झालेली. शेळ्या राखणारं पोर नऊ-दहाचं. त्याची आई सत्तावीसची तरी… त्याचा टाक कागदावरच थांबला. ब्याण्णव! त्यानं मान वर केली. पासष्ट वर्षांपूर्वीची भूक पाहिलेले ते डोळे त्याच्याकडे बघत होते, आणि त्यांत कंटाळा नावालाही नव्हता. त्याला एकदम गप्प बसावंसं वाटलं, देवळाच्या गाभाऱ्यात वाटतं तसं.

"आता तुमचं सांगा," तो भानावर येत तिला म्हणाला. "नाव?"

"महानंदा. शंकरप्पा माझे वडील."

"वय?"

"ईस."

"लग्न…" खरं तर रकानाच होता तो, पण त्याचे कान तापले. "झालेलं की न झालेलं?"

"न झालेलं," महानंदा म्हणाली. "पर शाई जपून लावा मास्तर. पुसायला अवघड जाईल."

तुळजामाय खुदकन हसली. मास्तरनं तो रकाना भरायला इतका वेळ लावला, की मागं रांगेत उभा असलेला ग्यानोबा खोकला.

सत्तर उंबऱ्यांत ऐंशीच्या वरची अकरा माणसं! वह्या तपासणाऱ्या उमरीच्या गिरदावरसाहेबांनी वही परत फेकली. "हिवरीची वाट यमाला सापडत नाही की काय? परत जा, तपासून या." कोणताही मास्तर चिडला असता. बसवराजनं मात्र हुकूम मस्तकी लावला आणि शुक्रवारी, म्हणजे शाळेच्या सुट्टीला, पुन्हा करडईच्या रानात शिरला. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही गेला. तपासणी इतक्या बारकाईनं कुणी केली नसेल. कोणत्या म्हाताऱ्याच्या लग्नात कोणाच्या वडिलांनी फेटा बांधला होता, आगगाडी पहिल्यांदा उमरीला आली तेव्हा कोणाला नातू झाला होता, सगळं त्यानं लिहून काढलं. आणि प्रत्येक ठिकाणी साक्षीला महानंदाच लागत होती, हा योगायोग.

एकदा तिनं विचारलंच, "मास्तर, ग्यानोबाकाकांचं वय चौथ्यांदा इचारून राहिलात. बदललं का?"

"नाही. पण खात्री…"

"कशाची खात्री?"

तिनं डोळ्याला डोळा भिडवला. मास्तरनं वही मिटली, उघडली, पुन्हा मिटली, आणि वही उलटी धरली होती हे घरी गेल्यावर त्याच्या लक्षात आलं.

त्या तपासणीत त्याला एक मात्र खरोखर कळत गेलं, आणि ते कळताना त्याच्या अंगावर काटा आला. या लोकांचं खाणं वेगळं नव्हतं. पाणी तेच, ज्वारी तीच, काबाडकष्ट तेच. शेजारच्या गावातली माणसं साठीतच खाट धरत होती. इथली मात्र पहाटे उठत होती, कारण कुणाची तरी ओसरी त्यांची वाट बघत होती. जगण्याला इतकं छोटं कारण पुरतं? शाळेत इतकी वर्षं शिकला, पण हे कुठं लिहिलेलं त्याच्या वाचनात आलं नव्हतं.

फाल्गुन लागला आणि बसवराजची बदली आली. लातूरला! दोन वर्षं अर्ज करून थकला होता. लातूरला आई होती, वडील होते, गंजबाजारातला ओळखीचा गलका होता. आनंदानं उडी मारायची ती त्यानं मारली नाही. तो कागद खिशात घालून थेट हिवरीच्या खळ्यावर गेला.

महानंदा उंच तिपाईवर उभी राहून ज्वारी उपणत होती. वारं पडलं होतं. भरलेलं सूप कमरेला लावून ती वाऱ्याची वाट बघत उभी होती.

"वारं येईस्तोवर येळ हाय," ती वरूनच म्हणाली. "बोला."

"माझी बदली झाली. लातूरला. महिनाभरानं जायचंय."

सुपातले चार दाणे उगाचच खाली पडले. "बरं झालं की," ती म्हणाली. "तुमचं गाव."

"मला… एकट्याला जायचं नाहीये." मास्तर वर बघत होता, ऊन डोळ्यांत जात होतं, आणि तरी तो डोळे मिटत नव्हता. "शंकरप्पांना विचारायच्या आधी तुम्हाला विचारतो. माझ्याबरोबर याल?"

तिनं कमरेचं सूप सावरलं. मग म्हणाली, "तुम्ही मला आवडता, मास्तर. लपवून काय करू? पर मी लातूरला आले तर तुळजामाय जाईल."

"म्हणजे?"

"तिची जोड गोदावरीमाय. तीन वर्षांमागं ती गेली. गावात बाकीच्या समद्यांच्या जोड्या लागलेल्या, एकली तुळजामाय उरली. सून सोन्यासारखी, नातू जीव टाकतेत, पर महिन्यात मायनं खाट धरली. खाणं सुटलं. वैद्य म्हणाले, आता देवाचं नाव घ्या. मी सहज म्हणून भाकर घेऊन गेले, तिच्याजवळ बसले, आन् म्हणलं, माय, उद्या तू यायचंस बरं का, आमच्याकडं. दुसऱ्या दिवशी आम्ही चूल पेटवायच्या आधी दारात उभी!" तिचा आवाज भिजला. "तवापासून दोन स्थळं आली, दोन्ही मी परतवली. म्हातारीचा जीव असा मोडून संसार मांडला, तर तो मला गोड लागंल का?"

"महानंदा, तो योगायोग असेल. माणूस एका भाकरीवर…"

"तुमचं तर कामच हाय तपासायचं," ती म्हणाली. "तपासा."

आणि वारं आलं. तिनं सूप उंच धरलं. भुसा सगळा मास्तरच्या अंगावर आला, आणि तो तिथून हललाही नाही.

तपासायची वेळ मात्र त्यानं न मागताच आली. महानंदाची बहीण मुदखेडला दिलेली. ती बाळंत झाली आणि आजारी पडली. महानंदाला जाणं भाग होतं. "चार दिवसांत येते माय," असं सांगून, आपल्या आईला रोज भाकर पोचवायला बजावून, ती उमरीहून गाडीत बसली.

शुक्रवारी सकाळी बसवराज हिवरीत पोचला. गल्ली तशीच भरली होती, वाफ तशीच होती. तुळजामाय मात्र दिसली नाही. तो तिच्या घरी गेला. म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडलेली. उशाशी तीन दिवसांच्या तीन भाकरी, फडक्यासकट.

"शंकरप्पाची बायको रोज आणून ठेवती," सून डोळे पुसत म्हणाली. "पर तिला रानात जायची घाई. ठेवती आन् जाती. माय हात लावीना. पाणी बी नको म्हणती."

बसवराजनं हाक मारली. "माय!" त्यानं वाकून पाहिलं. चावडीत बसून ज्या डोळ्यांचा त्याला धाक वाटला होता, ते अर्धवट मिटलेले होते. आपण योगायोग म्हणालो होतो! भाकरी तर आल्या होत्या. आलं नव्हतं ते माणूस.

पुढं त्यानं जे केलं ते लातूरच्या कुठल्याही मास्तरनं त्याआधी केलं नसावं. तो चावडीत गेला, तीन दगड मांडले, कोतवालाकडून तवा, काटवट आणि पीठ घेतलं, आणि भाकर करायला बसला. जन्मात पहिल्यांदा. पीठ हाताला चिकटलं, पाणी जास्त झालं, पीठ जास्त झालं, मग पुन्हा पाणी. थापताना कडा चिरल्या. उलटताना एक कोपरा तुटून विस्तवात गेला. शेवटी तव्यावर जे उरलं ते निजामाच्या मुलुखाच्या नकाशासारखं दिसत होतं, बीदरच्या बाजूला करपलेलं आणि औरंगाबादच्या बाजूला कच्चं. त्यानं ते फडक्यात गुंडाळलं आणि गल्लीतून निघाला. म्हातारे वाटेत थांबून बघत राहिले.

तो खाटेजवळ जमिनीवर मांडी घालून बसला. "माय, मी भाकर आणलीय. मी इथंच बसणार आहे. मला कुठं जायचं नाही."

त्यानं फडकं सोडून भाकर खाटेवर ठेवली. मग भिंतीकडचं तोंड हळूहळू वळलं. म्हातारीनं भाकरीकडे पाहिलं. मास्तरकडे पाहिलं. हात पुढं करून एक तुकडा मोडला, म्हणजे मोडायचा प्रयत्न केला, कारण तो मोडेना. शेवटी तोंडात घातला.

"कुणी केली ही?"

"मी."

"तुझ्या मायनं तुला हेच शिकिवलं?"

"शिकवलंच नाही…"

"दिसतंय!" तुळजामाय कोपरावर उठली. "आरं आधण ठेवलं व्हतंस का? का गारच पाणी वतलंस? तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवायचा असतो, कुणी सांगितलं न्हाई? ह्या भाकरीनं बैल मरंल, बैल!" तोवर ती उठून बसली होती. "सूनबाई, पाणी आण गं. घशात अडकली ह्याची भाकर."

सुनेच्या हातातून तांब्या पडता पडता राहिला. तीन दिवसांनी म्हातारी पाणी पीत होती. बसवराजचे डोळे भरून आले. त्याच्यासमोर एक माणूस मरणाच्या दारातून परत फिरलं होतं, आणि तेही कशासाठी, तर त्याला नावं ठेवायला. त्यानं हात जोडले. ते कुणाला जोडले हे त्यालाही नीट सांगता आलं नसतं.

"हात कशाला जोडतोस? हात धू आन् चुलीम्होरं बस," तुळजामाय म्हणाली. "उद्या परत करून आण. अशी भाकर तोंडात घेऊन मी देवाघरी जानार न्हाई. तू नीट शिकंस्तोवर मला मराया येळ न्हाई."

शनिवारी मास्तर शाळेला जाण्याआधी आला. भाकर थोडी गोल होती, पण मिठाचा खडा चुकून दोनदा पडलेला. तुळजामाय काठी टेकत, शिव्या देत, चावडीपर्यंत चालून त्याची चूल बघायला गेली.

रविवारी सकाळी महानंदा धापा टाकत गावात आली. गाडीतून उतरून दोन कोस ती जवळजवळ पळतच आली होती. कुणीतरी वाटेत सांगितलं होतं, मायनं खाट धरली. तुळजामायच्या ओसरीच्या पायरीशी ती थिजली. आतून तुळजामायचा खणखणीत आवाज येत होता. "मास्तरा, आरं थापायचं, मारायचं न्हाई! काय वैर हाय काय तुझं तिच्याशी?"

महानंदा उंबऱ्यात उभी राहिली. मास्तरच्या कपाळाला पीठ, नाकाला पीठ. तिला एकदम हसू आलं आणि रडूही आलं, आणि तिनं दोन्ही येऊ दिलं.

"आलीस?" तुळजामाय म्हणाली. "बैस. तुला सांगायचंच व्हतं. तुझी जोड मी सोडली. तुझी भाकर लई गोड, बाई. गोड खाऊन माणूस सुस्तावतं. ह्याची खाल्ली की सकाळपास्नं भांडावं वाटतं. आजपास्नं माझी जोड हा. जा, तू मोकळी." आणि काठी घेऊन, फार थकल्याचं सोंग करत, म्हातारी परसात निघून गेली.

चुलीपाशी दोघंच राहिले. सकाळचं ऊन काटवटीत पडलं होतं.

"लातूरला कधी निघायचं?" महानंदानं जमिनीकडे बघत विचारलं.

"कालच लिहून दिलं. बदली नको म्हणून."

तिनं चटकन वर पाहिलं. "दोन वर्षं मागत व्हतात ना?"

"हो. पण माय रोज माझी वाट बघणार आहे. कसा जाऊ?" तो हसला. "हिवरीत खोली बघतोय. शाळेला इथून चालत जाईन. सोपी वाट आहे. काटे फक्त दुपारी टोचतात."

"म्हणजे… मी मोकळी झाले आन् तुम्ही अडकलात?"

"असंच दिसतंय."

ती काटवटीशेजारी टेकली. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत, अगदी हळू म्हणाली, "अडकलेल्या माणसाला सोबत लागती."

"महानंदा…"

"थांबा. आप्पांना इचारा, ते न्हाई म्हणायचे न्हाईत. पर माझी एक अट हाय." तिनं पुढं होऊन त्याच्या कपाळावरचं पीठ पदरानं पुसलं. तिच्या डोळ्यांतलं पाणी आता लपत नव्हतं. "भाकर चांगली करायला शिकायचं न्हाई. कधीच न्हाई. कळलं?"

परसातून म्हातारीचा आवाज आला, "काय कुजबुज चाललीय? करपून राहिली तिकडं!"

मास्तरनं तव्याकडे पाहिलं. मग महानंदाकडे पाहिलं. आणि भाकर निवांतपणे करपू दिली.